पायाखालचा नळ

आईने मंडळाच्या जेवणांना येणं बंद केलं, ते सुरुवातीला मला कळलंच नाही. दर वेळी ती वेगळं कारण सांगायची आणि प्रत्येक कारण पटण्यासारखं असायचं. एकदा गुडघा दुखत होता. एकदा ऊन फार होतं, आणि बडोद्याचं एप्रिलमधलं ऊन म्हटलं की पुढे कुणी काही विचारत नाही. एकदा म्हणाली, "तिथला आचारी बदललाय. मसालेभातात नुसत्या लवंगा टाकतो." मी म्हटलं, बरं, नको येऊस. डबा आणते तुला. तो डबाही तिने गोड मानून खाल्ला, लवंगांसकट.

आमचं मंडळ म्हणजे इथल्या मराठी घरांचं जुनं मंडळ. पाणीगेटच्या अलीकडे त्याचं सभागृह आहे. तिथे मुंजी होतात, बारशी होतात, व्याख्यानं होतात आणि या सगळ्याच्या शेवटी जेवणं होतात. व्याख्यानाला पुढच्या दोन रांगा कशाबशा भरतात आणि जेवणाला पाट पुरत नाहीत. आईचं निम्मं आयुष्य या सभागृहाशी बांधलेलं. ती मराठी शाळेत शिक्षिका होती. तिथे जेवायला येणाऱ्या निम्म्या लोकांना तिने बाराखडी शिकवली आहे आणि उरलेल्यांच्या मुलांना. पंगतीत बसून चार माणसांची चौकशी करायची, वाढणाऱ्याला "अरे, हळू, आमटी सांडेल" म्हणायचं, शेवटी ताकाचा दुसरा पेला मागायचा, यात तिचा खरा जीव. बाबा गेल्यावर ती गोत्रीला आमच्याकडे राहायला आली, तेव्हाही तिने मला एकच अट घातली होती. "गावात जेवण असलं की मला न्यायचं." आणि आता तीच नको म्हणत होती.

मग एका लांबच्या नात्यातली मुंज आली. बोलावणं थेट आईला होतं, मुलाची आजी स्वतः फोनवर बोलली, त्यामुळे गुडघा, ऊन, आचारी यांतलं काही चालण्यासारखं नव्हतं. आई तयार झाली. निळी रेशमी साडी नेसली, पण गाडीत बसताना तिने पर्समध्ये पाण्याची बाटली टाकलेली मी पाहिली. मला वाटलं, औषधाच्या गोळीसाठी असेल.

पंगतीत ती माझ्याशेजारी बसली. पानात वरणभात आला तेव्हा तिने हात आडवा केला. मी चमकले. आई आणि वरणभाताला नाही म्हणते, वर लिंबू आणि तूप असताना? तिने एक पुरी घेतली, सुकी बटाट्याची भाजी घेतली, एक जिलबी घेतली, आणि हे सगळं दोन बोटांच्या टोकांनी, एखादी पाहुणी खाते तसं खाल्लं. "पोट बरं नाही का?" मी विचारलं. "आहे की," ती म्हणाली आणि समोरच्या बाईंना त्यांच्या सुनेच्या नोकरीबद्दल विचारू लागली.

पंगत उठली. मी हात धुऊन आले तर आई कुठे दिसेना. शोधत शोधत चपला काढतात तिथवर गेले, तर ती खांबाच्या मागे उभी होती. बाटली बगलेत दाबून, तिरकी करून, त्यातलं पाणी उजव्या हातावर सोडत होती. पाणी थोडं हातावर पडत होतं आणि बाकीचं निळ्या साडीवर.

"हे काय करतेस?"

"हात धुते."

"नळावर का नाही?"

"गर्दी आहे."

मी मागे वळून पाहिलं. नळांपाशी एकही माणूस नव्हता. मी तिच्या हातातून बाटली घेतली, हातावर पाणी ओतलं, माझ्या पदराने हात पुसला आणि आम्ही गाडीकडे निघालो.

गाडीत न्याय मंदिराची इमारत मागे पडली. मग बाहेर बघतच तिने सांगितलं. तिच्या बोटांना संधिवात आहे, ते घरात सगळ्यांनाच माहीत होतं. सकाळी मुठी वळत नाहीत, बरणीचं झाकण आम्ही उघडून देतो. पण आमच्या घरचे नळ लांब दांडीचे, मनगटाने ढकलले की सुटतात, त्यामुळे नळाचा प्रश्न कधी आलाच नाही. सभागृहातल्या तोट्या जुन्या, गोल फिरवायच्या आणि घट्ट. मागे एका हळदीकुंकवाच्या जेवणानंतर तिला तोटी फिरवता येईना. हात खरकटे, मागे रांग. मागच्या मुलीने पुढे होऊन उघडून दिली, इथपर्यंत ठीक होतं. पण हात धुऊन झाल्यावर तोटी बंदही होईना. ओल्या हातातून निसटत राहिली. ती मुलगी तोवर निघून गेली होती. पाणी भळभळ वाहत होतं आणि मागून कुणी तरी, तिला ओळखत नसलेलं, मोठ्याने म्हणालं, "अहो बाई, नळ बंद करा की. पाणी वाया चाललंय."

"मी म्हणजे," आई म्हणाली, "जन्मभर पोरांना नळ बंद करायला सांगत आले."

एवढंच बोलली. मग म्हणाली, "हे तुझ्यापाशी राहू दे. कुणाला सांगत बसू नकोस."

मी हो म्हटलं. पण त्या दिवसापासून नळ हा विषय माझ्या डोक्यात बसला. कुठेही गेले की मी आधी नळ बघायची. बँकेत, मी शिकवते त्या शाळेच्या प्रयोगशाळेत, हॉटेलात. माणसं नळ कसा उघडतात तेही बघायची. मॉलमध्ये हात खाली धरला की आपोआप पाणी येतं ते नळ होते, पण त्यांतला एक तरी नेहमी बंद असायचा आणि दुसरा कुणी नसताना वाहत असायचा. नवरा म्हणाला, "तू हल्ली बायकांच्या बाथरूममधून बाहेर यायला फार वेळ लावतेस." त्याला काय सांगणार.

उत्तर सापडलं ते दाताच्या डॉक्टरांकडे. आमच्याच सोसायटीच्या रस्त्यावर त्यांचा दवाखाना आहे. माझ्या दाढेला इंजेक्शन देऊन, ती बधिर होण्याची वाट बघत मला खुर्चीत आडवं ठेवलं होतं. डॉक्टर कोपऱ्यात हात धुवायला गेले. दोन्ही हात हवेत, कशालाच न लावता उभे राहिले आणि पाणी आलं. मग बंद झालं. मी मान वळवून पाहिलं. त्यांचा उजवा पाय खाली एका पट्टीवर होता.

मी खुर्चीतून उठले आणि जाऊन त्या बेसिनखाली वाकले.

"शुं थयुं, बेन? कंई पडी गयुं?" डॉक्टर घाबरून म्हणाले.

मला विचारायचं होतं, हा नळ कुठून आणलात. पण निम्मा गाल बधिर, त्यामुळे तोंडातून जे आलं ते त्यांना कळलं नाही आणि मलाही कळलं नाही. त्यांनी मला हाताला धरून परत खुर्चीत बसवलं आणि असिस्टंटला म्हणाले, यांचं बीपी बघ. दाढेचं काम संपल्यावर मी कागदावर लिहून विचारलं. तेव्हा ते हसले आणि त्यांनी छाणीच्या एका वर्कशॉपचा पत्ता दिला. तिथले प्लंबरभाई कारखान्यांच्या कँटीनमध्ये असे नळ बसवतात, म्हणाले. करोनाच्या वेळी त्यांना श्वास घ्यायला फुरसत नव्हती, आता आहे.

आता मंडळाला पटवायचं होतं. मी कार्यकारिणीत आहे, म्हणजे खुर्च्या मोजणं आणि वक्त्यांना स्टेशनवरून आणणं ही कामं माझ्याकडे असतात. आमचे अध्यक्ष रेल्वेतून निवृत्त झालेले. ते सभा वेळेवर सुरू करतात आणि वेळेवर संपवतात, मधल्या काळात काय होतं याची त्यांना फारशी फिकीर नसते. मी विषय मांडला. आईचं नाव अर्थातच घेतलं नाही.

"पायाने नळ," अध्यक्ष म्हणाले. "कशासाठी?"

"स्वच्छतेसाठी. आपण लहानपणापासून ऐकतो की खरकट्या हाताने नळाला हात लावू नये. मग लावायचा कशाने, ते कुणी कधी सांगितलंय का?"

यावर सभेत एकदम जीव आला. प्रत्येकाची स्वतःची पद्धत निघाली. एक बाई कोपराने उघडत होत्या. एक गृहस्थ उलट्या मनगटाने. दुसऱ्या बाई म्हणाल्या, "मी आपली डाव्या हाताने उघडते, सोपं आहे." त्यांच्या शेजारणीने विचारलं, "आणि डाव्या हातात पर्स असली तर?" त्या म्हणाल्या, "यांच्याकडे देते." "आणि हे नसले तर?" तिथे त्या थांबल्या. अध्यक्षांनी कबूल केलं की ते मागच्या माणसाला सांगतात आणि मागचा माणूस बहुधा निमूटपणे उघडून देतो.

विरोध आला तो आजोबांकडून. मंडळातले सगळ्यांत वयस्कर सभासद, सगळे त्यांना आजोबाच म्हणतात. धोतर नेसणारे बडोद्यात आता बोटांवर मोजण्याइतके, त्यांतले ते एक. त्यांनी काठी टेकून घसा साफ केला.

"कागदाला पाय लागला तर आपण नमस्कार करतो," ते म्हणाले. "आणि इथे पाण्याला मुद्दाम पाय लावायचा?"

"पाण्याला नाही, आजोबा. खाली लोखंडी पट्टी असते, तिला."

"तेच ते. माणसाला आपण पायाने बोलावतो का? मग पाण्याला का बोलवावं?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. अध्यक्षांनी घड्याळ बघितलं आणि म्हणाले, "दोन नळांवर करून बघा. वार्षिक जेवणाच्या आधी. लोकांना जमलं तर पुढे बघू." आणि सभा वेळेवर संपली.

छाणीचे प्लंबरभाई दुसऱ्याच रविवारी आमच्या घरी आले. मीच त्यांना आधी घरी बोलावलं होतं, कारण वस्तू बघितल्याशिवाय सभागृहात बसवायला माझा धीर होत नव्हता. त्यांनी चहा घेतला आणि म्हणाले, "बेन, जूनी चकली तो काढी ज नाखवी पडशे."

इथे गुजरातीत नळाच्या तोटीला चकली म्हणतात. माझा नवरा नाशिकचा. लग्नानंतर पहिल्यांदा आमच्या जुन्या घरमालकीणबाई त्याला "चकली टपके छे" असं सांगायला आल्या, तेव्हा त्याने अदबीने सांगितलं होतं की दिवाळीला अजून अवकाश आहे. आता तो स्वतःच चकली गळते असं म्हणतो आणि नाशिकला गेला की त्याची बहीण त्याला हसते.

प्लंबरभाईंनी पिशवीतून यंत्र काढून स्वयंपाकघराच्या फरशीवर ठेवलं. ओंजळीत मावेल एवढी लोखंडी पेटी आणि तिच्या पुढे पायाची पट्टी. पट्टी दाबली की आतली स्प्रिंग दबते आणि पाण्याला वाट मिळते. पाय काढला की स्प्रिंग ती वाट बंद करते. पाणी पेटीतून पाइपने वर जातं आणि वर नुसती वाकडी तोटी असते, फिरवायला काहीच नाही. मला ते यंत्र फार आवडलं. बंद करायला विसरण्याची त्यात सोयच नव्हती.

आई आवाज ऐकून बाहेर आली.

"हे काय आहे?"

"मंडळात बसवायचंय. पायाने चालणारा नळ."

"कशासाठी?"

"स्वच्छतेसाठी."

आईने चष्म्याच्या वरून माझ्याकडे बघितलं. ती नजर शाळेतून निवृत्त झालेली नाही.

"माझं नाव घेतलंस तिथे?"

"नाही."

"मग हे अचानक कुणाला सुचलं?"

"मला. आई, मी तुझं काही मांडलं नाही. नळाचं मांडलं."

"मी तुला गाडीत सांगितलं होतं," ती म्हणाली. "ते सभेत जायला नको होतं." आणि आत निघून गेली. दार लावलं नाही, पण लोटलं.

प्लंबरभाईंनी माझ्याकडे बघितलं, मग चहाच्या रिकाम्या कपाकडे बघितलं. मी त्यांना अजून अर्धा कप चहा ओतला. काय करावं मला कळेना. रागावलेली आई मला माहीत आहे. दुखावलेल्या आईपुढे माझं काही चालत नाही. तेवढ्यात लोटलेलं दार परत उघडलं. आई चप्पल घालून आली होती. माझ्याकडे न बघता ती सरळ यंत्रापाशी गेली, ओट्याला हात टेकला आणि पट्टीवर पाय ठेवला. दाबला. पट्टी हलली नाही. तिने परत दाबला.

"हे दबत नाही," ती जाहीरपणे म्हणाली.

"बा, आ तो फॅक्टरीनो माल छे," प्लंबरभाई म्हणाले. "कारीगर लोको बूट पहेरीने दबावे."

"आमच्याकडे काय बूट घालून जेवायला बसतात?"

"तो ढीली स्प्रिंग नाखी आपुं?"

"ढिली नको, ढिली लवकर बिघडेल. नरम घाला. आणि ही पेटी एवढी उंच का? उभ्या माणसाने पाय उचलायचा म्हणजे दुसऱ्या पायावर तोल सांभाळायचा. हात खरकटे, धरणार कशाला? आमच्या वयाचं माणूस तिथेच बसेल खाली." तिने टाच जमिनीवर टेकवून पुढचा चवडा वर केला. "एवढंच उचलावं लागलं पाहिजे. टाच खालीच राहिली पाहिजे. समजलं?"

हे सगळं ती मराठीत बोलत होती आणि ते गुजरातीत हो हो म्हणत होते. बडोद्यात याला संभाषण म्हणतात. मग आई माझ्याकडे वळली.

"माझ्यासाठी आणलं असतंस तर माझ्या पायाने दबलं असतं," ती म्हणाली. "म्हणजे खरंच सगळ्यांसाठीच आणलेलं दिसतंय."

ती हसली नाही, पण यंत्रासमोरच्या स्टुलावर बसून तिने अर्धा कप चहा मागितला. प्लंबरभाई पुढच्या आठवड्यात दुसरी स्प्रिंग घेऊन आले. ती आईला जास्तच नरम वाटली. मांजर गेलं तरी पाणी येईल, म्हणाली. तिसरी पसंत पडली. पेटी अर्धी जमिनीत बसवायची असंही ठरलं. हे ठरवायला मी कुठेच नव्हते. मी फक्त चहा केला.

वार्षिक जेवणाच्या दिवशी नळांच्या रांगेत मधल्या दोन नळांवर तोट्यांना फिरवायचे कान नव्हते. भिंतीवर मी सुवाच्य अक्षरात लिहून लावलं होतं, "खाली पट्टी आहे. पायाने दाबावी." जेवून आलेलं माणूस भिंतीवरचं काही वाचत नाही, हे मला त्या दिवशी कळलं.

पहिल्या पंगतीतले लोक आले. जुने नळ लगेच भरले आणि उरलेली मंडळी मधल्या दोन नळांपुढे उभी राहिली. पहिल्या गृहस्थांनी तोटीखाली हात धरले आणि वाट पाहिली. विमानतळावर पाहिलेलं असणार. मग हात हलवले. मग वरखाली केले. मागच्याने सुचवलं, "जरा लांब धरा, जवळून घेत नाही." दुसऱ्या नळापाशी एक बाई तोटीच्या मागे, खाली, भिंतीच्या कडेला कोपराने चाचपत होत्या. एका तरुणाला खालची पट्टी दिसली. त्याने ती जोरात दाबली आणि पाणी बेसिनच्या तळाला आपटून त्याच्या झब्ब्यावर उडालं. तो मागे सरला, पाय निघाला, पाणी थांबलं, आणि पुढे कुणाला काही कळलं नाही. मी बटाट्याच्या भाजीचं पातेलं हातात घेऊन दारात उभी होते, आणि मला अध्यक्षांचं तोंड दिसत होतं.

आई पंगतीत मागच्या बाजूला बसली होती. तिने वरणभात घेतला होता, दोनदा. चारही बोटांनी कालवून खाल्ला होता, तूप मनगटापर्यंत आलं होतं. ती सावकाश उठली, हात वर धरून नळांपाशी आली आणि "जरा सरका" म्हणाली. लोक सरकले. ती तोटीपुढे उभी राहिली, टाच जमिनीवर, चवडा पट्टीवर, आणि पाणी आलं. तिने हात धुतले. नीट, बोटांच्या बेचक्यांसकट, घाई न करता. मग पाय काढला. मग परत ठेवून चूळ भरली.

"खाली बघा," ती मागच्या गृहस्थांना म्हणाली. "खाली, खाली. पट्टी दिसते? टाच टेकवा. आता दाबा. एवढं जोरात नाही."

ते गृहस्थ केस पांढरे झालेले, कुठल्याशा मोठ्या कंपनीतून निवृत्त झालेले होते. त्यांनी टाच टेकवली आणि दाबलं.

"झालं? आता पाय काढा. पुढचा."

त्यानंतर ती तिथून हललीच नाही. माझ्या सुवाच्य अक्षरातल्या सूचनेखाली उभी राहून तिने ती पंगत आणि पुढची पंगत हात धुऊन बाहेर काढली. जुने नळ रिकामे असले तरी लोक मधल्या रांगेत उभे राहू लागले, कारण तिथे काही तरी चाललं होतं. कुणी तिला वाकून नमस्कार करायला गेलं तर ती म्हणायची, "आधी हात धू."

आजोबा शेवटच्या पंगतीत होते. ते काठी टेकत आले. जुना नळ मोकळा होता. ते त्याच्याकडे वळले, थांबले, आणि मधल्या नळाकडे आले. आई बाजूला झाली. तिने त्यांना काही शिकवलं नाही. त्यांनी काठी भिंतीला टेकवली. खाली पट्टीकडे बघितलं आणि पुटपुटत काही म्हणाले. मग पाय ठेवला. पाणी आलं तेव्हा त्यांनी आधी ओल्या बोटांनी डोळ्यांना पाणी लावलं, आणि मग हात धुतले.

"आईच्या अंगावरही पाय देऊनच मोठे झालो आपण," ते आईला म्हणाले. "कमरेवर, पोटावर. ती कुठे रागावते." मग काठी घेतली आणि विडा घ्यायला गेले. सभेत मला न सुचलेलं उत्तर त्यांनी आपलं आपण शोधून काढलं होतं, मला वाटतं बरेच दिवस विचार करून.

पुढच्या महिन्यांत उरलेले सगळे नळ बदलले. सगळंच सुरळीत झालं असं नाही. भाताची शितं पट्टीच्या खाली जाऊन बसतात आणि पट्टी अर्ध्यातच अडते. सभागृह झाडणाऱ्या मावशींना पेट्या आवडत नाहीत, झाडू अडकतो म्हणतात, आणि त्यांचं खरं आहे. एका लग्नात नवरीची नऊवारी पट्टीत अडकून थोडी फाटली आणि मुलीकडचे लोक अध्यक्षांशी बराच वेळ बोलत होते. पण कुणी जुन्या तोट्या परत बसवा म्हणालं नाही. बाहेरून येणाऱ्या वक्त्यांना आता सभासद भाषणाआधीच नळ दाखवून आणतात. आई दर जेवणाला येते. आम्हाला वेळ नसला तर सोसायटीतल्या रिक्षावाल्याबरोबर एकटी जाते आणि डबा आमच्यासाठी आणते.

मग कार्यकारिणीतल्या एक बाई मुलाकडे पुण्याला राहायला गेल्या आणि जागा रिकामी झाली. आईचं नाव कुणी सुचवलं मला माहीत नाही. मी तर नाही. ती म्हणाली, "मला कशाला त्या भानगडीत," आणि पहिल्या सभेला माझ्याआधी पोचली.

त्या सभेत माझा प्रस्ताव होता की पंगती बंद करून टेबलखुर्च्यांवर जेवण ठेवावं. लोकांचे गुडघे दुखतात, वाढपी मिळत नाहीत, वेळ जातो. मी चांगली तयारी करून गेले होते. मला वाटलं होतं, गुडघ्यांचा मुद्दा तरी आई उचलून धरेल. तिने शांतपणे सगळं ऐकून घेतलं.

"ज्यांना खाली बसवत नाही, त्यांच्यासाठी भिंतीकडेला टेबलं ठेवा," ती म्हणाली. "बाकीच्यांच्या पंगती राहू द्या. टेबलावर माणूस जेवतो आणि उठतो. शेजारच्याची चौकशी करत नाही."

अध्यक्षांनी हात वर करायला सांगितलं. माझ्या बाजूने मी आणि कोपराने नळ उघडणाऱ्या बाई. आईच्या बाजूने बाकी सगळे. मी तिच्याकडे बघितलं. ती समोर बघत होती, हात उंच धरून, वाकडी बोटं सगळ्यांना दिसतील अशी.

सभा वेळेवर संपली. मी खाली येऊन गाडीचं दार उघडून उभी राहिले. आई जिन्यावरून आणखी तीनचार बायकांबरोबर उतरत होती, सगळ्या एकदम बोलत होत्या.

"तू जा घरी," ती मला म्हणाली. "आम्ही सेवउसळ खायला चाललोय."

"तिखट असते ती, आई. आणि रात्रीची गोळी?"

"पर्समध्ये आहे," ती म्हणाली. त्या बायकांनी रिक्षा थांबवलीच होती. सगळ्या जणी एकीच्या मांडीवर एक अशा दाटीवाटीने आत बसल्या आणि रिक्षा वळून गेली.